खानापूर तालुक्यातल्या खापरपणजोबांचा माग: जनगणनेची घरपत्रकं आणि लग्नाच्या नोंदी कुठे मिळतील?

लेस्टरवासी

नमस्कार मंडळी. इकडे इंग्लंडची 1921 ची जनगणना 2022 च्या जानेवारीत खुली झाली. सासरची (इंग्रज) बाजू त्यात घर, वय, धंदा सगळ्यासकट सापडली. माहेरच्या बाजूला मात्र दोन पिढ्यांतच गाडी अडली आहे. हाताशी आहे ते एवढं:

पणजोबा राणू, वडिलांचं नाव धोंडी. जन्म 1895 ते 1900 च्या दरम्यान असावा. गाव आज सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात. तरुणपणी मुंबईला गिरणीत गेले, तिथे गावाच्या नावावरून आडनाव लावलं. गावातल्या चुलत घराण्याच्या सातबारावर मात्र वेगळंच आडनाव आहे. पणजी गंगूबाई. हे सासरचं नाव. माहेरचं नाव, गाव, आडनाव कोणालाच सांगता येत नाही. खापरपणजोबा धोंडी यांच्याबद्दल नावापलीकडे काही नाही.

प्रश्न दोन. 1901 किंवा 1911 च्या जनगणनेची घरोघरची पत्रकं कुठे बघायला मिळतात? आणि 1915 च्या आसपासच्या लग्नाची नोंद कोणत्या कचेरीत असेल? चुलत भाऊ विट्याला राहतो, तो कचेरीत जाऊ शकतो.

दप्तरखाना

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे भावाचे हेलपाटे वाचतील. ती पत्रकं नाहीत. हिंदुस्थानात एकाच वेळी सगळीकडे झालेली पहिली जनगणना 1881 ची, पण कोणत्याही खेपेला तक्ते बनवून झाले की माणसागणिक भरलेली पत्रकं नष्ट केली जात. मागे राहिले ते छापील अहवाल: अमुक तालुक्यात अमुक जातीची एवढी माणसं, एवढी घरं. त्यात नाव कोणाचंच नाही. शिवाय 1948 च्या जनगणना कायद्याच्या 15 व्या कलमाने ही कागदपत्रं बघायलाही मिळत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्लंडसारखं शंभर वर्षांनी खुलं करणं इथे नाहीच.

याला एक अपवाद आहे आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. 1951 च्या जनगणनेच्या वेळी तिच्या माहितीवरून गावागावाची राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार केली होती. घरांच्या क्रमाने माणसांची नावं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, लग्न झालेलं की नाही, शिक्षण, पोटापाण्याचा धंदा. ही वही काही तहसिलांत आहे, काहींत नाही. राणू तेव्हा मुंबईत असतील तर गावच्या वहीत सापडणार नाहीत, पण त्यांचे भाऊ-पुतणे सापडतील. ते शेजारशेजारच्या घरांत असतात, म्हणून एक नाव शोधून थांबू नका, मागचीपुढची दहा-पंधरा घरं उतरवून घ्या. वयावर फार विसंबू नका. 40, 45, 50, 60 असे आकडे अंदाजाने सांगितलेले असतात, पाच-सात वर्षं इकडेतिकडे धरूनच चाला.

आता खरा ठेवा. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. कचेरीत सगळे 'कोतवाल बुक' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. कुठे ती 1880 च्या आसपासपासून आहे, कुठे बरीच नंतरची. जुनी पानं मोडी लिपीत. जागा: तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बारशाच्या आधीच नोंद झालेली असते, त्यामुळे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', पुढे बापाचं नाव आणि जात. म्हणून 'राणू' शोधलंत तर मिळणार नाही. शोधायचा आहे 'धोंडी'. तोही नशिबाने 'धोंडी बिन अमुक' असा लिहिलेला मिळाला की एका फटक्यात आणखी एक पिढी हाती लागते. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. मराठवाड्यात किंवा वऱ्हाडात शोधणाऱ्यांना त्याच जागी वल्द आणि जौजे दिसेल.

1885 ते 1910 पर्यंत त्या गावात धोंडीच्या नावावर जेवढे मुलगे-मुली लागले आहेत तेवढे सगळे एका कागदावर तारखेसह मांडा. मग मृत्यूच्या बाजूला तीच वर्षं चाळा, म्हणजे कोणती मुलं जगली ते कळेल. दोन जन्मांत सव्वा-दीड वर्षापेक्षा कमी अंतर दिसलं तर एकतर गावात दोन धोंडी आहेत, नाहीतर एका धोंडीच्या दोन बायका. 1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं मुद्दाम बघा. इन्फ्लुएंझाची साथ होती, पण कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसतं 'ताप' आहे. एकाच घरातले तीन-चार मृत्यू लागोपाठ दिसतील आणि पुढच्या जमिनीच्या नोंदींत अचानक एवढे वारस का बदलले त्याचा उलगडा तिथेच होईल.

नेहमीची चूक: अर्जात 'राणू धोंडी यांचा जन्मदाखला मिळावा' असं लिहिणं. मोडी वाचणारा माणूस कचेरीत असेलच असं नाही, आणि नसला की 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर येतं. ते खरंही नसतं आणि खोटंही नसतं. नाव शोधायला सांगू नका, पानं मागा.

सातबारा_वाचक

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. खानापूर तालुका आज सांगलीत आहे, पण तुम्हाला हव्या असलेल्या काळात तो सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर-दक्षिण दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव 1960 मध्ये सांगली झालं. जुन्या कागदावर 'जिल्हा सातारा' दिसलं म्हणून बाजूला टाकू नका. आणि गाव त्या काळी इंग्रजी मुलखात होतं की संस्थानात, ते आधी पक्कं करा. शेजारचं आटपाडी औंध संस्थानात होतं. संस्थानी गावाचं दप्तर वेगळ्या नमुन्यात आणि वेगळ्या वाटेने पुढे आलेलं असतं.

आता आडनावाचा घोळ. हा जमिनीच्या कागदावर सुटतो, कारण शेत जागचं हलत नाही. भावाकडचा आजचा सातबारा घ्या. नावांशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार नंबर. कंसातली नावं म्हणजे कमी झालेली. प्रत्येक वर्तुळातल्या नंबरचा फेरफार (नावात बदल झाल्याची नोंद, गाव नमुना 6) काढा. तो तुम्हाला आधीच्या नावावर नेईल, ते नाव आधीच्या फेरफारावर, असं मागे मागे जायचं. मध्ये गट नंबर लागेल तिथे अडाल, कारण एकत्रीकरणाच्या (जमिनीचे तुकडे जोडून गट करण्याच्या) आधी सर्व्हे नंबर होते. जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या पत्रकात असतं, ते भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मागा. महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांची जुनी पानं स्कॅन करून टाकली आहेत, आधी तिथे बघा. नसेल तर तलाठी आणि तहसील.

मुंबई इलाख्यात हक्कनोंद (कोणत्या जमिनीवर कोणाचा हक्क, त्याची सरकारी नोंद) 1903 च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. म्हणजे खापरपणजोबांचा मृत्यू त्यानंतरचा असेल तर वारसाची नोंद सापडायला हवी. तिचा मजकूर साधारण असा असतो:

'धोंडी बिन राणू हा सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे 1) राणू वय 18, 2) बाळा वय 11, अ.पा.क. आई सखू कोम धोंडी. वर्दी राणू.'

(नावं नमुन्यादाखल घातली आहेत.) या दोन ओळींत काय काय आहे बघा. धोंडीच्या बापाचं नाव, धोंडीच्या बायकोचं नाव, मुलांचा क्रम आणि वयं. वर्दी म्हणजे कचेरीत दिलेली खबर, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. धाकटा सज्ञान नसल्यामुळे आईचं नाव कागदावर आलं, नाहीतर ते आलंच नसतं. मुलगे सगळे मोठे असतील तर आई बहुतेक दिसत नाही, आणि त्या काळात मुली तर नाहीतच.

फसायच्या जागा दोन. 'सुमारे दोन वर्षांपूर्वी' ही तारीख धरू नका. वर्दी उशिरा दिलेली असते, कधी दहा वर्षांनी. मृत्यूची तारीख कोतवाल बुकातूनच घ्या. दुसरी जागा 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे अक्षर ज्याच्या नावापुढे आहे त्याच्यामागे चार भाऊ झाकलेले असू शकतात. मुंबईला गेलेले राणू सातबारावर कधीच नसतील तर ते थोरल्या किंवा गावात राहिलेल्या भावाच्या ए.कु.मॅ.खाली दडले असण्याची शक्यता सगळ्यात मोठी.

1903 च्या मागे जायचं असेल तर पहिल्या मोजणीच्या वेळचं शेतवार पत्रक. त्यात सर्व्हे नंबर आणि खातेदाराचं नाव, एवढंच. नातं लिहिलेलं नसतं, पण नंबर तोच आणि नाव बापाचं, तर जोडता येतं. घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्ण किंवा महारकीचं वतन असेल तर गोष्टच निराळी. 1874 च्या वतन कायद्याखाली वतनाची रजिस्टरं ठेवलेली आहेत, आणि त्याआधीच्या इनाम कमिशनच्या (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी चौकशीच्या) कागदांत लोकांनी हक्क सांगताना आपापल्या वंशावळी दिलेल्या आहेत. ते दप्तर पुणे पुराभिलेखागारात. दावा लावायला म्हणून काढलेल्या वंशावळीत हिस्सा मागू शकतील अशी माणसं गाळलेली असतात, हे मात्र लक्षात ठेवून वाचा.

लेस्टरवासी

दोघांचे मनापासून आभार. भावाला कळवलं. त्याने घरातली एक जुनी चोपडी फोटो काढून पाठवली आहे, त्यात बहुतेक पणजोबांच्या लग्नाचा आहेर आहे. वर बाळबोधीत (देवनागरीत) 'शके 183', शेवटचा आकडा वाळवीने खाल्लेला, पुढे 'आनंद नाम संवत्सरे माघ वद्य', बाकी सगळं मोडीत. साल कसं काढायचं?

मोडीवाला

संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, वाचता येतंय म्हणजे काम झालं. शके सालात 12 मिळवायचे, 60 ने भागायचं, जी बाकी राहील तो संवत्सराचा क्रम. प्रभव पहिला, आनंद अठ्ठेचाळिसावा. 1830 ते 1839 मध्ये फक्त 1836 ला बाकी 48 येते. म्हणजे शके 1836.

इसवी सनासाठी 78 मिळवतात, पण वर्ष पाडव्याला बदलतं. 1 जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवायचे. माघ आहे, तेव्हा 1915, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तुमच्या अंदाजाशी बरोबर जुळतं. 1914 लिहून बसला असता तर कोतवाल बुकात पहिलं मूल शोधताना वर्षभर आधीपासून पानं मागितली असती, एवढाच फरक, पण पानामागे पैसे पडतात.

मोडी वाचून घेताना एक करा. ज्याला वाचायला द्याल त्याला हव्या असलेल्या ओळीचा फोटो देऊ नका, पूर्ण पानाचा द्या, शक्यतो आधीच्या-नंतरच्या पानासकट. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि प्रत्येक कारकुनाची वळणं वेगळी. ओळखीची चार नावं आधी सापडली की त्याच हाताची पाचवी ओळ लागते. फोटो सावली न पडता, वरून सरळ, कागदाची चारही टोकं दिसतील असा. फ्लॅश नको, शाई पुसट दिसते.

सोयरीक

आता लग्नाची बाजू. 1915 सालच्या खेड्यातल्या हिंदू लग्नाची सरकारी नोंद शोधू नका, ती होतच नसे. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा 1953 चा, आणि त्यानंतरही खेड्यापाड्यांत कोणी कचेरीत गेलं नाही. त्या काळात नोंद असायची ती पारशी, ख्रिस्ती, 1872 च्या स्पेशल मॅरेज अॅक्टखाली लग्न करणारे मूठभर सुधारक आणि काझींच्या निकाहाच्या वह्यांतली. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या लग्नांची पत्रकं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत, पण तुमच्या घराण्याला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या हातात आहे ती आहेराची यादी मात्र सरकारी दाखल्यापेक्षा जास्त बोलते. त्यात नाव, गाव आणि आहेर असा क्रम असतो. सगळ्या गावांची नावं काढा आणि कोणतं गाव किती वेळा आलंय ते मोजा. तुमचं स्वतःचं गाव सगळ्यात जास्त येईल, ते सोडा. त्याखालोखाल दोन-तीन गावं येतील. एक राणूंच्या आईचं माहेर (मामाचा आहेर मानाचा, तो वरच्या ओळींत असतो), एक बहिणी दिलेलं, आणि एक नवरीचं. 'व्याही' असा उल्लेख ज्याच्यापुढे असेल तो मुलीचा बाप किंवा चुलता. मग त्या गावच्या कोतवाल बुकात त्या माणसाला 1898 ते 1904 मध्ये झालेल्या मुली बघायच्या. मुलीचं नाव नसेलच, आणि असलं तरी गंगू नसेल, कारण लग्नात नाव बदललेलं. त्यामुळे मुलगी नावावरून जुळवायची नाही, बापावरून आणि वयावरून जुळवायची.

दुसरी वाट उलट्या बाजूने. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बाप मेला की मुलींची नावंही वारसात येऊ लागली. गंगूबाईंचे वडील तोवर हयात नसणार, पण बिनापत्याचा भाऊ 1956 नंतर वारला असेल तर त्याच्या वारसांत बहीण किंवा तिची मुलं आलेली असू शकतात. आणि आली की भावकी लगेच हक्कसोडपत्र करून घेते. ते नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाकडे असतं: सूची 1 नावावर, सूची 2 मिळकतीवर. ऑनलाइन शोध अलीकडच्या वर्षांचाच आहे, जुन्यासाठी सूचीची पुस्तकंच उघडावी लागतात. हक्कसोडपत्रात बाईचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नाव एका ओळीत मिळतं, तेवढ्यासाठी ही खटपट.

एक इशारा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत त्या भागात पक्की आहे. धोंडी-राणू-धोंडी-राणू अशी साखळी लागली की कोणता राणू कोणाचा, हे दोन नावांवर ठरवूच नका. निदान तिसरं काहीतरी जुळायला हवं: सर्व्हे नंबर, बायकोचं नाव किंवा भावाचं नाव. तेही नसेल तर तक्त्यात पेन्सिलीने लिहा. शिवाय धोंडी, दगडू, केरू ही नावं आधीची मुलं न जगल्यावर मुद्दाम ठेवत. तेव्हा धोंडीच्या आधी त्याच घरात दोन-तीन बालमृत्यू सापडले तर चकित होऊ नका. उलट योग्य घर सापडल्याची ती एक खूण समजा.

फोंडेकार

इथे वाचणारं कोणी गोव्याच्या मुळांचं असेल तर वरचं अर्धं सोडून द्या. गोव्यात 1914 पासून नागरी नोंदणी सक्तीची होती, जन्म-मृत्यूबरोबर लग्नाचीही, आणि हिंदूंनाही. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं येतात. अडचण भाषेची: कागद पोर्तुगीज, त्यात प्रभूचं पोरोब आणि शेणवीचं सिनाय झालेलं. सारस्वत घराण्यांनी कुलदेवतेच्या देवस्थानात महाजनांची (देवस्थानाच्या वंशपरंपरागत हक्कदारांची) यादी बघावी. महाजनकी पुरुषवंशाने चालते, त्यामुळे बापाच्या नावासकट नोंदी असतात.

दप्तरखाना

दोन गोष्टी राहिल्या.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हेळवी येतात. बैल घेऊन गावोगाव फिरणारे, पिढ्यान् पिढ्या ठरावीक घराण्यांच्या वंशावळी राखणारे. चुलत्यांना विचारा, आपल्या भावकीचा हेळवी कोण आणि कधी येतो. ते सुगीनंतर येतात, त्यांचं बिदागीचं ठरलेलं असतं, आणि घराणं त्यांच्या पोथीत आहे की नाही हे गाव व कूळ सांगितलं की लगेच कळतं. त्यांच्या वाचनात दिल्या-घेतल्या मुलींची गावंही येतात, गंगूबाईंसाठी ते महत्त्वाचं. तसंच पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. तिथे गाव, आडनाव, जात या क्रमाने वही निघते. मुंबईतलं आडनाव सांगितलंत तर काहीच निघणार नाही, सातबारावरचं सांगा. यात्रेला आलेल्याने बरोबर कोण कोण होतं ते स्वतः सांगितलेलं असतं, म्हणून जिवंत माणसांची नातेवाईकांची यादी मिळते. पण चार-पाच पिढ्यांपूर्वीची जी नावं तोंडी सांगून लिहवली आहेत त्यांना कोतवाल बुकाचा किंवा फेरफाराचा आधार मिळेपर्यंत कच्चंच धरा.

दुसरं, 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधात जिल्हाधिकारी कार्यालयांनी गावनिहाय स्कॅन केलेली पानं आपापल्या संकेतस्थळांवर टाकली आहेत. त्यात तीच कोतवाल बुकं आहेत, पण फक्त ज्या पानावर कुणबी अशी नोंद सापडली ती. पूर्ण वही नाही. तुमचं पान त्यात निघालं तर फुकटात काम झालं. नाही निघालं तर नोंद नाही असा अर्थ काढू नका.

भावाने अर्ज करताना गावाचं जुनं नाव आणि आजचं नाव दोन्ही लिहावं, कोर्ट फीचा तिकीट लावावा, आणि मजकूर असा ठेवावा: 'मौजे अमुक येथील गाव नमुना नं. 14 मधील सन 1893 ते 1901 या कालावधीतील जन्माच्या नोंदींच्या सर्व पानांच्या प्रमाणित छायांकित प्रती मिळाव्यात. नोंदी मोडी लिपीत असल्यास भाषांतर नको, मूळ पानांच्या प्रती द्याव्यात.' कालावधी एका अर्जात आठ-दहा वर्षांपेक्षा मोठा नको. वही जीर्ण असल्याचं कारण देऊन प्रत नाकारली तर अभिलेख पाहणीची परवानगी मागावी आणि समोर बसून मोबाइलने फोटो काढू द्यावेत असं त्याच अर्जाच्या शेवटी लिहून ठेवावं.